आबांचे साठ जॉब

आमच्या घरात इंग्रजी आलं ते आबांच्या सायकलवरून. शाळेत ते पाचवीला आलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आबा रोज संध्याकाळी कंपनीतून थोडं थोडं इंग्रजी घेऊन यायचे आणि ते उंबऱ्याच्या आत आलं की आई त्याला आपल्यातलं करून टाकायची. शिफ्ट ही बाई होती, कारण ती यायची, जायची, बदलायची आणि घरातल्या सगळ्यांची झोप मोडायची. बोनस हा पुरुष होता. वर्षातून एकदा तोंड दाखवायचा आणि त्यावर वर्षभर मिजास करायचा. युनियन बाई, ओव्हरटाइम बुवा. मशीनवर मात्र आमच्यात एकमत नव्हतं. आबा 'ती मशीन' म्हणायचे, कारण त्यांचा तिच्यावर जीव होता. आई 'त्ये मशीन' म्हणायची, कारण तिचा नव्हता. मी दोघांच्या मध्ये बसून भाकरी खायची आणि ज्याच्या ताटातून लोणी मिळण्याची शक्यता जास्त, त्याच्या बाजूने बोलायची.

थेरगाव तेव्हा खरोखरीचं गाव होतं. आमच्या दोन खोल्या, मागे गोठा, गोठ्यात एक म्हैस आणि तिच्या पलीकडे दुसऱ्यांचा ऊस. घड्याळ नव्हतं, पण नदीपलीकडच्या कंपन्यांचे भोंगे होते. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला भाकरी तव्यावर पडायची, तिसऱ्याला आबा सायकलवर बसलेले असायचे. कुठला भोंगा कुणाचा हे आईला आवाजावरून कळायचं. "ह्यो आपला. त्यो रडका हाय त्यो पल्याडच्यांचा," असं ती पाहुण्यांना अशा थाटात सांगायची, की जणू 'आपला' भोंगा तिच्या माहेरून आला होता. आबा लेथवर टर्नर होते. लेथवर लोखंड कातताना ते तापू नये म्हणून दुधासारखं पांढरं कूलंट सोडतात. त्याचा आंबूस वास आबांच्या अंगाला कायम असायचा. आणि शर्टाच्या खिशातून स्प्रिंगसारखा वळलेला लोखंडाचा कीस निघायचा, तो हमखास आईच्या टाचेत जायचा. मग भोंग्यांच्या वर आईचा आवाज लागायचा.

संध्याकाळी पाय धुऊन आबा ताटावर बसले की आई एकच प्रश्न विचारायची, "किती झालं?" आबा म्हणायचे, "साठ जॉब काढलं." कधी म्हणायचे, "छप्पन काढलं, दोन रिजेक्ट." लेथवर लावून कातून काढायचा तो लोखंडाचा तुकडा म्हणजे जॉब. माप चुकलं की रिजेक्ट, मग तो भंगारात. साऱ्या पिंपरी-चिंचवडात त्याला जॉबच म्हणतात, तेव्हाही आणि आताही. रिजेक्ट दोनाच्या वर गेले की आबा जेवताना बोलायचे नाहीत आणि आई न विचारता कुळथाच्या पिठल्यावर लोण्याचा गोळा ठेवायची. असाच एक रिजेक्ट जॉब, वीतभर लांबीचा, एका बाजूला फुगीर, आबांनी फोरमनची परवानगी आणि गेटपास काढून रीतसर घरी आणला होता. आई त्याने लसूण ठेचायची. भंगारात जायच्या लायकीचं लोखंड, पण ठेचा असा व्हायचा की शेजारच्या बायका तो जॉब उसना न्यायच्या.

आठवीत आम्हाला इंग्रजीला वाघमोडे सर आले. बार्शीकडचे, काठीसारखे सरळ, उन्हाळ्यातही कोट घालणारे. नामावर त्यांची भक्ती होती. खिडकीकडे बोट करायचे, "नाऊन!" फळ्याकडे, "नाऊन!" मागच्या बाकावरच्या झोपलेल्या मुलाकडे, "हेसुद्धा नाऊन, कॉमन नाऊन!" जे दिसतं ते नाम, आणि जे दिसत नाही पण माणसाला छळतं तेही नाम, असं ते सांगायचे. मी त्यांच्यावर बेहद्द खूश होते. घरी येऊन शिकलेलं सगळं आईला ऐकवायचा मला नादच लागला होता, आणि ती भाकऱ्या थापता थापता ऐकून घ्यायची, कारण उठून जाणं शक्य नसायचं.

"आई, इंग्रजीत निर्जीव वस्तूंना बाई-पुरुष काही नसतं. चूल, भाकरी, तवा, सगळ्यांना एकच, इट."

आईचा हात थांबला. "चूल आन् तवा येकच?"

"इट."

"आन् भाकरी बी?"

"तीही इटच."

"मंग कुनाला काय म्हनत्यात त्ये त्यांस्नी कसं कळतं?" आई म्हणाली आणि भाकरी उलटून टाकली. "म्हून त्ये गेलं हितनं. कुनी कुनाचं न्हाई त्यांच्यात."

दुसऱ्या दिवशी मी मोजता येणारी आणि मोजता न येणारी नामं घेऊन आले. पुस्तक मोजता येतं, बैल मोजता येतो. दूध, वाळू, पाणी मोजता येत नाही. मी 'पाणी' म्हणाले आणि घरातली हवा बदलली. विहीर आमच्या घरापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

"पानी मोजता येत न्हाई? कोन म्हंतो?"

"वाघमोडे सर."

"त्येस्नी म्हनावं येक दिस हिरीवर या. आठरा हंडं हायती सकाळचं. मी मोजते, माजी मान मोजती, माजं गुडघं मोजत्यात."

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. गुडघे तेवढे गाळले. सर म्हणाले, "अगं, हंडा मोजता येतो. पाणी नाही." संध्याकाळी मी तो निकाल आईला कळवला. आई म्हणाली, "मंग त्येस्नी रिकामं हंडं मोजू दी. भरल्यालं मी मोजते." मी पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पाण्याचा धडा आला की आजही मनातल्या मनात मी आईच्या बाजूला उभी असते. हल्ली आमच्या सोसायटीत एक दिवसाआड नळाला पाणी येतं आणि गच्चीवरच्या टाकीला मीटर लावलंय. वाघमोडे सर असते तर त्यांना नेऊन दाखवलं असतं.

तर त्याच वर्षी सरांनी एक तास प्रश्नोत्तरांचा घेतला. एकेकाला उभं करून विचारायचे, "व्हॉट इज युवर फादर्स जॉब?" कुणी म्हणालं फार्मर, कुणी म्हणालं शॉपकीपर. माझी पाळी आली. मला उत्तर तर येतच होतं, शिवाय ते नाम मोजता येणारं आहे हेही मी ओळखलं होतं, त्यामुळे त्याला शेवटी अनेकवचनाचा 'ज' लावायला मी विसरले नाही. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "माय फादर हॅज सिक्स्टी जॉब्ज, सर."

सरांनी चष्मा काढला. "सिक्स्टी?"

"येस सर. समटाइम्स सिक्स्टी-टू. यस्टरडे टू जॉब्ज रिजेक्ट."

"अगं, साठ नोकऱ्या? तुझा बाप माणूस आहे का एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज?"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप रोज जॉबच काढत होते आणि घरी येऊन त्यांची संख्या सांगत होते. एकाचंही तोंड उघडलं नाही. सरांपुढे खरं बोलण्यापेक्षा हसणं सोपं असतं. पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले तेव्हा हे माझ्याच वर्गात कितीदा तरी बघितलं. सरांचाही दोष नव्हता. त्यांनी कारखाना बाहेरून पाहिला होता आणि शब्दकोश आतून. त्यांनी मला शब्दकोश उघडून दाखवला: जॉब, नाम, नोकरी. पुढचे कित्येक महिने मला शाळेत सगळे 'एक्स्चेंज' म्हणत.

घरी आले ती पेटलेलीच. आबा जेवत होते. मी दप्तर आपटलं आणि म्हटलं, "आबा, तुम्ही आयुष्यभर चुकीचं बोलताय. जॉब म्हणजे नोकरी."

"आसंल," आबा म्हणाले. "आमी ह्येला जॉब म्हंतो."

"सगळे मिळून चूक म्हणता."

शाळेच्या लायब्ररीतून हट्टाने आणलेला शब्दकोश मी त्यांच्या ताटाशेजारी उघडला. आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी हात धुतला, पुसला, तरी बोटांच्या रेषांत तेलाचा काळेपणा राहिलाच. ते बोट कागदाला न टेकवता त्यांनी ओळीवरून फिरवलं. छापील गोष्टीबद्दल आबांना फार आदर होता. "छापलंय म्हंजी खरंच आसनार," ते म्हणाले. मग खोलीत नजर फिरवून त्यांनी चुलीजवळच्या लसणाच्या जॉबकडे बोट केलं. "मंग ह्येला काय म्हनायचं?"

हे मला कुठे ठाऊक होतं? पण 'ठाऊक नाही' म्हणण्याचं ते वय नव्हतं. मी म्हणाले, "थिंग. आयर्न थिंग."

"आयर्न थिंग," आबांनी तीनदा म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने "किती झालं?" विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बघत सावकाश उत्तर दिलं, "साठ थिंगा काढल्या." आईने कपाळाला हात लावला. पण शब्द घरात राहिला. लसणाचा जॉब त्या दिवसापासून 'थिंग' झाला, आणि अर्थातच ती थिंग. इटबिट आईने मानलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या वर्षी दिवाळीनंतर कंपनीत चार्जमनची एक जागा निघाली. चार्जमन म्हणजे वीस-पंचवीस कामगारांवरचा माणूस. त्याला रोज साहेबाला इंग्रजीत सांगावं लागे की किती माल निघाला आणि किती बिघडला. साहेब परदेशातून आलेला होता, मुलाखत तोच घेणार होता. दोघांची नावं गेली होती: आबा, आणि शेजारच्या लेथवरचे शेखभाई. आबांनी घरी हे सांगताना एकेक फायदा बोटावर मोजला. रात्रपाळी नाही. निळा डगला जाऊन पांढरा. आणि कॉलनीत क्वार्टर. "सैपाकघरात नळ हाय," ते म्हणाले. त्यानंतर आबा काय बोलले ते आईने ऐकलंच नाही. तिने चुलीकडे बघितलं, मग मोरीतल्या उतरंडीकडे बघितलं आणि विचारलं, "आत? सैपाकघराच्या आत?"

दुसरीही एक गोष्ट होती. आठवी झाली की माझी शाळा बंद करायची असं आईच्या मनात होतं. पुनावळ्याकडचं एक स्थळ तिच्या बोलण्यात यायला लागलं होतं आणि अठरा हंड्यांना माझं डोकं आयतंच तयार झालं होतं. आईने त्या दिवशी एका वाक्यात सौदा केला. "हिचं इंग्रजी नळ आनत आसंल तर शिकू दी म्याट्रिकपत्तुर. न्हाई तर हंडा हाय." आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? आता तूच माजी मास्तरीन. तू सांगशील त्येच बोलनार, दुसरं न्हाई. शब्द दिला."

तीन आठवडे, रोज संध्याकाळी, आबा जेवून उठले की तासाला उभे राहायचे. बसून उत्तर देऊ द्यायची नाही, हा वाघमोडे सरांचा नियम मी बापाला लावला होता. चुकले की मी पट्टी आपटायची आणि गोठ्यातली म्हैस दचकायची. "व्हॉट इज युवर जॉब?" "माय जॉब इज टर्नर." "इज इट अ गुड जॉब?" "येस सर. गुड जॉब. परमनंट." सुरुवातीला आबांच्या तोंडून जुना जॉब निसटायचा. "जॉब चकमंदी घट्ट..." असं ते लेथच्या पकडीचं सांगायला लागले की मी ओरडायची, "आबा! जॉब म्हणजे?" "नोकरी," आबा मान खाली घालून म्हणायचे. "आणि ते?" "थिंग." तिसऱ्या आठवड्यात त्यांची एकही चूक झाली नाही. इतका सरळ विद्यार्थी मला पुढे कधीच मिळाला नाही. मिळाला असता तर मी त्याला असं काही शिकवू धजले नसते.

मुलाखतीच्या दिवशी आईने तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केली, हातावर दही-साखर ठेवली आणि विहिरीवर जाताना सगळ्या बायकांना सांगून आली. संध्याकाळी 'आपला' भोंगा झाला. आबा नेहमीच्याच वेळेला आले, सायकल नेहमीसारखी भिंतीला टेकवली, पाय धुतले आणि म्हणाले, "शेखला दिली. शिनियर हाय त्यो."

आईने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "आन् इंग्रजी?"

"इंग्रजी येकदम फस्कलास झालं," आबा म्हणाले. "साहेब हसला बी."

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त अभिमान वाटला. परदेशी साहेबाला हसवण्याइतकं इंग्रजी मी माझ्या बापाला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते सगळ्यांना सांगितलं आणि 'एक्स्चेंज' म्हणणाऱ्यांची तोंडं दोन दिवस बंद झाली. आईने मात्र त्या संध्याकाळी उतरंड भरलेली असताना एक हंडा उचलला आणि विहिरीवर निघून गेली.

महिन्याभराने शेखभाईंनी आम्हाला कॉलनीत जेवायला बोलावलं. चाचींनी शीरखुर्मा केला होता. आईने तो वाखाणला, पण तिचं लक्ष मोरीपाशी होतं. हात धुवायच्या निमित्ताने तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. चौथ्या वेळी चाचींनीच हसून म्हटलं, "भाभी, खराब नाही होत. राहू दे चालू." परतताना आई आमच्या पुढे पुढे चालत होती. नदीपाशी आल्यावर म्हणाली, "धार बारीकच हाय त्येची." आबा जोरात हसले. आई हसली नाही.

सौद्याप्रमाणे माझी शाळा त्या उन्हाळ्यात संपायला हवी होती. आईने विषय काढलासुद्धा. आणि आबा, जे घरात कधी आईला आडवं बोलत नसत, ते पहिल्यांदा ठामपणे म्हणाले, "इंग्रजीनं काय बिगाडलंय? इंग्रजी तर चांगलंच झालं. शिनियारटीला पोर काय करनार? शिकंल ती." आई म्हणाली, "आन् पानी?" दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याच्या आधी उठून आबांनी सायकलच्या दोन्ही बाजूंना घासलेटचे धुतलेले डबे बांधले आणि विहिरीवर गेले. बायकांच्या रांगेत पुरुष बघून गावाने भरपूर करमणूक करून घेतली. "काय राव, चार्जमन न्हाई झाला तर पानक्या झाला व्हय?" आबा म्हणायचे, "व्हय, ह्येत रिजेक्ट निघत न्हाई." अठरातले नऊ हंडे त्या दिवसापासून आबांचे झाले, ते मी मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात जाऊ लागले तरी चालूच राहिले. मला वाटायचं, नळ मिळाला नाही म्हणून ते आईची समजूत काढताहेत.

त्यानंतर बरंच पाणी आलं आणि गेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आला. मी बी. ए. झाले, बी. एड. झाले आणि चिंचवडच्या एका शाळेत इंग्रजीची बाई झाले. पुनावळ्याच्या स्थळाला तोवर तीन मुलं झाली होती. आबा टर्नर म्हणून लागले आणि टर्नर म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ कंपनीच्या कँटीनमध्ये होता. टेबलं भिंतीला सरकवलेली, पुढे घरच्यांसाठी खुर्च्या, ताटलीत पेढा आणि बटाटावडा. आबा हारात मान अवघडून बसले होते. बोलायला शेखभाई उठले. ते तोवर फोरमन झाले होते, दाढी पांढरी झाली होती.

"भावांनो," ते म्हणाले, "एक बात मी बरसोंसे पोटात ठेवली. ह्या शिवरामनी कसम घातली होती, रिटायर होईपर्यंत बोलायचं नाही. आज कसम संपली." आबांनी हात हलवून त्यांना खाली बसायची खूण केली. शेखभाईंनी तिकडे बघितलंच नाही. "चार्जमनच्या इंटरव्ह्यूला आम्हा दोघांना साहेबानी एकदमच आत घेतलं. सीनियर शिवराम, म्हणून पहिला सवाल त्याला. साहेब म्हणाला, 'हाऊ डू यू नो अ गुड जॉब?' आता आख्ख्या शॉपमध्ये याच्यासारखा जॉब कुणी काढत नव्हता. आणि हा उभा राहून काय म्हणतो, 'गुड जॉब इज परमनंट, सर. प्रॉव्हिडंट फंड. कँटीन.'"

कँटीनमध्ये पहिली लाट उठली. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"साहेब म्हणाला, 'नो, नो, द जॉब इन युवर हँड!' तर हा हात जोडून म्हणतो, 'नो सर. माय जॉब इज इन युवर हँड.' साहेब हसायला लागला. म्हणाला, बरं, गेल्या महिन्यात किती जॉब बिघडवलेस? 'ओन्ली वन जॉब आय हॅव, सर. नॉट स्पॉइल.' मग साहेबानी टेबलावरचा जॉब उचलून दाखवला, व्हॉट इज धिस? आणि शिवराम छाती काढून म्हणाला, 'आयर्न थिंग, सर!'"

लोक बाकांवर हात आपटत होते. कुणीतरी वड्याचा घास लागून खोकत होतं. "साहेबाला वाटलं, याला स्वतःच्या हातातला माल ओळखता येत नाही. मग मला विचारलं. मला काय इंग्रजी? मी म्हणालो, 'जॉब, मायक्रोमीटर, चेक, ओके!' मी पास. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अरे राव, तुला जॉब माहीत नाही? तर म्हणाला, 'म्हाईत हाय की. पन घरात पोरीला शब्द दिलाय.'" मग शेखभाईंनी माझ्याकडे हात केला. "ती ही बसलीय. आता मोठी मास्तरीण झालीय. सुमनबेटी, तुझ्या मेहेरबानीनी चार्जमन झालो मी. तेरा शुक्रिया!"

सगळे टाळ्या वाजवत माझ्याकडे वळले. मला खाली जमीन दिसत होती आणि ती दुभंगत नव्हती. शेजारी आई हळूहळू हिशेब जुळवत होती. तिच्या कपाळावरून मला ते कळत होतं. जुळला तेव्हा ती भर कँटीनमध्ये ओरडली, "म्हंजी माजा नळ तू बुडवलास व्हय गं!" मग तर समारंभ आवरेचना. शेखभाईंनी डोळे पुसत आईपुढे दुसरा पेढा केला. आईने तो घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर आबांनी हार काढून सायकलला अडकवला आणि ओट्यावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले होते की शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरतो, एकट्या शब्दाला पकडून बसू नका. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, अनुभवाने आलं असं मी समजत होते. अनुभव कुणाचा होता ते आज कळलं होतं. मला रडू येत होतं आणि मधूनच 'आयर्न थिंग, सर' आठवून हसूही येत होतं.

"आबा, तो तुमच्या रोजच्या हातातला जॉब होता. साहेबाने उचलून दाखवला. तेव्हा तरी बोलायचंत."

"शब्द दिल्ता."

"बरं, मग घरी आल्यावर खरं का नाही सांगितलंत? शेखभाई सीनियर, म्हणे. सीनियर तर तुम्ही होतात."

आबांनी दाराआड बघितलं. आत आई लसूण ठेचत होती, रोजच्यापेक्षा बरीच जोरात. लोखंडाचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. आबा आवाज खाली आणून म्हणाले, "सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिशी हंडा तुज्या डोक्याव आसता." मग त्यांनी हाताच्या बोटांकडे बघितलं. निवृत्त झाले तरी रेषांतलं तेल गेलेलं नव्हतं. "आन् येक जॉब रिजेक्ट झाला म्हून कुनी मशीन बंद ठिवतं व्हय?"

यातला जॉब कुठल्या अर्थाचा, हे मी विचारलं नाही. मी नुसती त्यांच्या खांद्याला टेकून बसले. आत ठेचायचा आवाज थांबला आणि आईची हाक आली, "सुमे, झालं आसंल तुमचं तर हिकडं यी. ती थिंग धुवून ठिव. आन् पानी मोजून वापर!"